इंधनाच्या नळ्या दोन्ही टोकांना वेल्ड का करत नाहीत?

भोसरीत हीट एक्स्चेंजर बनवणाऱ्या एका कारखान्यातल्या तरुण अभियंत्याने विचारलं आहे: "आम्ही ट्यूब बंडल करतो तेव्हा नळी दोन्ही ट्यूबशीटमध्ये, म्हणजे टोकाच्या भोकं पाडलेल्या जाड प्लेटमध्ये, एक्स्पांड करतो, वर सील वेल्ड मारतो. मग अणुभट्टीतले इंधनाचे रॉड नुसत्या स्प्रिंगच्या दाबावर का धरतात? त्या स्प्रिंगचा दाब भट्टीत गेल्यावर लवकरच उतरतो असं ऐकलं, ते खरं का? चीनमध्ये ताइशानच्या भट्टीत 2021 साली रॉड खराब झाले ते यामुळेच का? जैतापूरला त्याच जातीची भट्टी यायची आहे. आणि जाता जाता, आमच्यासारख्या वर्कशॉपला या क्षेत्रात काही काम असतं का?"

माझ्या नोकरीतला बराच काळ अशा असेंब्लींची, म्हणजे रॉडच्या जुडग्यांची, कंपनं आणि झीज मोजण्यात गेला, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

आधी एक दुरुस्ती. "वेल्ड करत नाहीत" हे अर्धंच खरं आहे. कैगा, काक्रापार, नरोरा, राजस्थान आणि तारापूरचे 3 व 4 क्रमांकाचे संच, म्हणजे आपल्या देशातल्या बहुतेक भट्ट्या जड पाण्याच्या आहेत. त्यांतले रॉड दोन्ही टोकांना वेल्डच केलेले असतात. त्यांच्याकडे नंतर येतो. स्प्रिंगवर धरलेले रॉड असतात ते जगभर सर्वाधिक चालणाऱ्या साध्या, दाबाखालच्या पाण्याच्या भट्टीत, पीडब्ल्यूआरमध्ये. जैतापूरला प्रस्तावित असलेली ईपीआर याच घराण्यातली.

नेहमीच्या पीडब्ल्यूआर असेंब्लीत 17 गुणिले 17, म्हणजे 289 घरं असतात. त्यांतली 264 इंधनाच्या रॉडना, 24 गाइड ट्यूबना (नियंत्रणाचे रॉड शिरतात त्या पोकळ नळ्यांना) आणि मधलं एक मोजमापाच्या उपकरणाला. रॉड म्हणजे इंधनाच्या पेलेट भरलेली बंद नळी. तिचा बाहेरचा व्यास साडेनऊ मिलिमीटर, झर्कोनियम मिश्रधातूच्या भिंतीची जाडी 0.57 मिलिमीटर, लांबी साधारण चार मीटर. दोन रॉडच्या केंद्रांमधलं अंतर 12.6 मिलिमीटर, म्हणजे मधली फट जेमतेम तीन मिलिमीटरची. या फटींतून 155 बार दाबाचं, तीनशे अंशांच्या आसपासचं पाणी सेकंदाला पाचेक मीटर वेगानं खालून वर जातं.

इथे भार रॉड घेत नाहीत, सांगाडा घेतो. गाइड ट्यूब, त्यांना ठरावीक अंतरावर जोडलेल्या स्पेसर ग्रिड (रॉड धरणाऱ्या चौकटी) आणि वर-खाली एकेक नॉझल (टोकाचा जाळीदार ठोकळा), एवढाच तो सांगाडा. असेंब्ली क्रेननं उचलली की वजन गाइड ट्यूबमधून जातं. रॉड ग्रिडच्या घरांत नुसते अडकवलेले असतात. आणि भट्टीत प्रश्न असेंब्ली खाली पडण्याचा नसून वर उचलली जाण्याचा असतो. साडेसहाशे किलोंच्या आसपासचा हा ऐवज पाण्याच्या रेट्यानं तरंगू पाहतो, म्हणून वरच्या नॉझलवर पट्टीच्या स्प्रिंग असतात आणि गाभ्यावरची प्लेट त्यांना दाबून धरते.

आता वेल्ड का नाही. तुमच्या फिक्स्ड ट्यूबशीटच्या एक्स्चेंजरमध्ये शेल आणि नळ्या वेगवेगळ्या लांबल्या की तुम्ही शेलला लवचीक बेलोज टाकता, नाहीतर सरळ फ्लोटिंग हेडवर, म्हणजे एक टोक सरकू देणाऱ्या रचनेवर, जाता. हा रॉडसुद्धा लांबतो. खोलीच्या तापमानापासून कामाच्या तापमानापर्यंत चार मीटरची झर्कालॉयची नळी साधारण सात मिलिमीटर वाढते. पण ते फारसं त्रासाचं नाही, कारण गाइड ट्यूबही त्याच जातीच्या धातूच्या असतात आणि त्याही जवळजवळ तेवढ्याच वाढतात. खरा त्रास दुसऱ्या वाढीचा आहे. नळी ओढताना झर्कोनियमच्या स्फटिकांना एका दिशेची ठेवण लागते. न्यूट्रॉनांच्या माऱ्यात अशी नळी कसलाही ताण नसताना लांबत जाते आणि ही लांबी परत येत नाही. त्यात आतल्या युरेनियम ऑक्साइडच्या पेलेट फुगून भिंतीला चिकटतात आणि तिला आपल्याबरोबर ओढतात. जुन्या झर्कालॉय-4 मध्ये आयुष्याच्या शेवटी ही वाढ सेंटिमीटरांत मोजायची वेळ यायची. नव्या, नायोबियम घातलेल्या मिश्रधातूंत ती कमी असते, शून्य नसते.

शिवाय शेजारचे दोन रॉड सारखे वाढत नाहीत. गाभ्याच्या मध्याकडच्या बाजूला न्यूट्रॉनांचा मारा जास्त, कडेला कमी. दोन्ही टोकं वेल्ड केली तर जास्त वाढणाऱ्या रॉडला जायला जागाच उरत नाही, तो कडेला वाकतो. तीन मिलिमीटरची फट एका बाजूला बुजली की तिथलं पाणी कमी होतं आणि रॉडचा तेवढाच भाग तापतो. म्हणून रॉडच्या वरच्या टोकाशी मोकळी जागा सोडलेली असते आणि लांबीच्या दिशेनं त्याला सरकू दिलं जातं. आडवं हलायचं नाही, उभं सरकायची मुभा, हेच या पकडीचं सगळं गणित.

हे साधतं ग्रिडमध्ये. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या पट्ट्यांना खाचा पाडून त्या एकमेकींत अडकवतात आणि छेदांवर वेल्ड किंवा ब्रेझ करतात. प्रत्येक चौकोनी घराच्या दोन लगतच्या भिंतींतून एकेक स्प्रिंग पुढे आलेली असते, समोरच्या दोन भिंतींवर दोन-दोन उंचवटे ठोकून काढलेले असतात. शॉपमध्ये त्यांना डिंपल म्हणतात. स्प्रिंग रॉडला डिंपलवर रेटते. दोन दिशांना मिळून सहा स्पर्शबिंदू होतात. पकड फार जोरदार नसते, एका स्प्रिंगचा दाब काही दशक न्यूटनांत मोजायचा. रॉड सरकायला लागला की घर्षण त्याला थोडं अडवतं आणि मग सोडून देतं. दाब वाढवून "पक्कं" करायचा मोह नवख्या डिझायनरला हमखास होतो. पण घर्षण वाढलं की रॉड सरकत नाही आणि वाकतो, म्हणजे वेल्डचंच दुखणं मागच्या दारानं घरात येतं. शिवाय असेंब्ली करताना रॉड एकेक करून सगळ्या ग्रिडमधून ओढून घ्यायचा असतो. दाब जास्त तर ओरखडे खोल. ते टाळायला कुठे रॉडला लॅकरचा लेप देतात आणि नंतर धुऊन काढतात, तर कुठे किल्ली घालून स्प्रिंग मागे ओढून धरतात.

आता तुमचा दुसरा प्रश्न. ऐकलं ते खरं आहे, आणि ऐकलं त्याहून वाईट आहे. झर्कालॉयच्या स्प्रिंगचा सुरुवातीचा दाब पहिल्याच इंधनचक्रात, म्हणजे पहिल्या इंधनबदलापर्यंतच्या काळात, निम्म्याहून बराच खाली येतो. न्यूट्रॉनांच्या माऱ्यात धातू ताणाखाली हळूहळू "सैलावतो", तापमान त्या मानानं कमी असूनही. इन्कोनेल 718 ची स्प्रिंग बरीच टिकते, पण इन्कोनेल न्यूट्रॉन खातं. ते गाभ्यात जागोजागी पसरलं तर इंधनाचा खर्च वाढतो. म्हणून बऱ्याच रचनांत सर्वांत वरची आणि सर्वांत खालची ग्रिड इन्कोनेलची ठेवतात, मधल्या झर्कोनियमच्या. काही ठिकाणी पट्टी झर्कोनियमची आणि तिच्यात बसवलेली स्प्रिंग इन्कोनेलची असते.

पकड सैल व्हायला आणखी दोन कारणं आहेत. बाहेरून 155 बारचा दाब असतो. रॉडमध्ये बनवतानाच हेलियम भरलेला असला तरी त्याचा दाब फार कमी. त्यामुळे नळी सावकाश आत दबते, तिचा व्यास बारीक होतो आणि पेलेटला टेकेपर्यंत ते चालू राहतं. दुसरीकडे ग्रिडची घरं न्यूट्रॉनांमुळे किंचित रुंदावतात. स्प्रिंग ढिली, रॉड बारीक, घर मोठं. शेवटच्या चक्रात काही घरांत रॉड आणि स्प्रिंगमध्ये चक्क फट पडते.

म्हणून कारखान्यातून निघालेल्या कोऱ्या असेंब्लीची कंपन-चाचणी मला कधीच पुरेशी वाटली नाही. पकड तपासायची ती आयुष्याच्या शेवटच्या महिन्यातली. चांगल्या प्रयोगशाळांत गरम पाण्याच्या लूपमध्ये पूर्ण लांबीची असेंब्ली उभी करतात, काही घरांतल्या स्प्रिंग मुद्दाम मागे दाबून ठेवतात, फट किती हवी ते ठरवून. मग शेकडो तास पाणी फिरवून रॉड बाहेर काढतात आणि प्रत्येक स्पर्शबिंदूवरच्या झिजेची खोली मोजतात. अहवालात फक्त कोऱ्या पकडीचे आकडे असतील, तर तो मी बाजूला ठेवतो.

झिजेचं प्रमाण समजायला साधा हिशेब करा. दोन ग्रिडमधला रॉडचा तुकडा अर्ध्या मीटरच्या आसपास असतो. त्याची स्वाभाविक कंप्रता टेकूप्रमाणे तीस ते साठ हर्ट्झच्या दरम्यान येते. चाळीस धरली तर वर्षभरात सव्वाशे कोटी हेलकावे. एकेक हेलकावा काही मायक्रॉनचाच, डोळ्याला दिसणारही नाही. पण रॉड डिंपलवर घासत राहिला तर 0.57 मिलिमीटरच्या भिंतीला भोक पडायला वेळ पुरेसा मिळतो. याला आम्ही ग्रिड-टू-रॉड फ्रेटिंग म्हणतो. अमेरिकेतल्या पीडब्ल्यूआरमध्ये गळक्या रॉडचं सर्वांत मोठं कारण अनेक वर्षं हेच होतं.

तुमच्या एक्स्चेंजरमध्ये याचा भाऊबंद आहेच. टोकं कितीही पक्की करा, नळी बॅफलच्या (प्रवाह वळवणाऱ्या आडव्या पत्र्याच्या) भोकात सैलच असते. टेमा या हीट एक्स्चेंजरच्या मानकाप्रमाणे ती मोकळीक 0.8 मिलिमीटर, आणि आधाराविनाची लांबी 36 इंचांहून जास्त असेल तर नेहमीच्या व्यासाच्या नळ्यांना 0.4. तक्रार आलेलं बंडल उघडलं की नळी बहुधा बॅफलपाशीच कापलेली सापडते. तुमच्याकडे प्रवाह नळ्यांना आडवा येतो, तो जास्त घातक. भट्टीत तो रॉडच्या लांबीच्या दिशेनं जातो, म्हणून सगळं एवढ्या नाजूक पकडीवर चालतं.

गडबड होते ती जिथे प्रवाह आडवा फुटतो तिथे. खालच्या प्लेटमधून पाणी आत शिरतं तिथे ते पुरतं सरळ झालेलं नसतं, म्हणून सर्वांत खालच्या ग्रिडपाशी झीज जास्त. गाभ्याभोवती पोलादी पत्र्यांचं कुंपण असतं. त्याच्या सांध्यांतून दाबाच्या फरकामुळे पाण्याची पातळ धार शेजारच्या असेंब्लीवर मारली जायची, तेव्हा काही जुन्या भट्ट्यांत कोपऱ्यातले रॉड थरथरून फुटले. त्यावर कुंपणामागच्या प्रवाहाची दिशा बदलणं हा पक्का उपाय होता. तोवर कोपऱ्यात इंधनाऐवजी भरीव पोलादी रॉड घालून वेळ निभावली. शेजारी-शेजारी वेगळ्या बनावटीच्या असेंब्ली ठेवल्या तरी पाणी कमी अडथळ्याच्या असेंब्लीकडे आडवं वळतं. फ्रान्समध्ये कात्तनॉमच्या तिसऱ्या संचात 2001 साली दोन डझनांहून जास्त असेंब्ली गळक्या निघाल्या, आणि कारण हेच: खालच्या ग्रिडपाशी फ्रेटिंग. त्यानंतर तिथल्या असेंब्लींची खालची बाजू आणखी मजबूत केली गेली.

ताइशानचं पाहू. ईपीआरच्या गाभ्यात 241 असेंब्ली आणि प्रत्येकीत 265 रॉड, म्हणजे 63,865 रॉड. जून 2021 मध्ये चीनच्या पर्यावरण मंत्रालयानं सांगितलं की त्यांतल्या पाचेक रॉडचं आवरण खराब झालं असावं. 30 जुलैला संच तपासणीसाठी बंद केला, तो ऑगस्ट 2022 मध्ये पुन्हा सुरू झाला. असेंब्लीच्या काही भागांची यांत्रिक झीज हे कारण ईडीएफ या फ्रेंच वीज कंपनीनं दिलं आणि फ्रान्समधल्या काही भट्ट्यांतही हा प्रकार पूर्वी दिसला असल्याचं मान्य केलं. म्हणजे तुमचा अंदाज योग्य दिशेनं आहे, दुखणं पकडीच्याच कुळातलं. पण त्यावरून "भट्टी फुटणार होती" असे जे संदेश आपल्याकडे फिरले, त्यांना आधार नाही. भोक पडलेल्या रॉडमधून झेनॉन, क्रिप्टॉन, आयोडिन प्राथमिक पाण्यात येतात. ते पाणी बंद चक्रात असतं, त्यातल्या किरणोत्साराचं मोजमाप सतत चालू असतं आणि किती चालवून घ्यायचं याच्या मर्यादा आधीच ठरलेल्या असतात. माझा आक्षेप दुसरा आहे. गळका रॉड जितका जास्त वेळ भट्टीत ठेवाल तितका तो बिघडतो. आत शिरलेल्या पाण्यापासून हायड्रोजन सुटतो, झर्कोनियम तो शोषतं, ठिसूळ होतं, आणि मूळ भोकापासून लांब दुसरीकडेच तडा जातो. अशा दुसऱ्या तड्यातून खुद्द इंधनाचे कण बाहेर पडू शकतात. म्हणून संच वेळेवर बंद करून रॉड शोधून काढणं शहाणपणाचं. पाण्याखाली वरचा नॉझल खोलून तेवढा रॉड काढता येतो आणि त्याच्या जागी पोलादी रॉड घालता येतो. पकड स्प्रिंगची असण्याचा हाही एक फायदा आहेच. जैतापूरचा करार पुढे सरकला तर वाटाघाटीत मी खालच्या ग्रिडचं साहित्य आणि शेवटच्या चक्रातल्या पकडीच्या चाचण्या, या दोन गोष्टींवर अडून बसेन.

आता आपल्या जड पाण्याच्या भट्ट्या. इथे चार मीटरचा रॉडच नाही. बंडल जेमतेम अर्ध्या मीटरचं, 495 मिलिमीटरचं. 220 मेगावॉटच्या भट्टीत 306 आडव्या नळ्या, प्रत्येकीत 12 बंडल, प्रत्येक बंडलमध्ये 19 रॉड, म्हणजे एका गाभ्यात जवळपास सत्तर हजार रॉड. तारापूरच्या 3 आणि 4 मध्ये बंडल 37 रॉडचं. रॉडची दोन्ही टोकं पातळ, जाळीदार एंड प्लेटना रेझिस्टन्स वेल्डनं जोडलेली. लांबी एवढी कमी की गरम होताना वाढ मिलिमीटरभरही होत नाही, आणि रॉडमधला फरक एंड प्लेट लवून सामावून घेते. शिवाय इंधन बदलायला भट्टी बंद करावी लागत नाही, त्यामुळे एखादं बंडल गळकं निघालं तर ते चालू भट्टीतून ढकलून बाहेर काढता येतं. एका बंडलला गाभ्यात राहायचं असतं तेही पीडब्ल्यूआरच्या असेंब्लीपेक्षा फार कमी काळ.

रॉडमध्ये अंतर राखायला सुरुवातीच्या बंडलांत भोवती तार गुंडाळत. पुढे छोटे स्पेसर आले. शेजारच्या दोन रॉडवरचे स्पेसर विरुद्ध बाजूंना तिरके बसवतात, म्हणजे ते एकमेकांवर फुलीसारखे टेकतात आणि एकमेकांत अडकत नाहीत. कॅनडात ते बेरिलियम वापरून ब्रेझ करतात. आपल्याकडे स्पॉट वेल्ड करतात आणि बेरिलियमच्या विषारी धुराची कटकटच टळते. हा निर्णय मला नेहमीच आवडलेला आहे.

पण वेल्ड म्हणजे सुटलो असं नाही. कॅनडातल्या डार्लिंग्टनच्या दुसऱ्या संचात 1990 च्या नोव्हेंबरमध्ये काही बंडलांच्या एंड प्लेटना थकव्याचे तडे जाऊन ती मोडलेली सापडली. वेल्ड, धातू, मापं, सगळं ठीक होतं. दोष निघाला पंपात. इंपेलरला पाती पाच, फेरे मिनिटाला 1,800, म्हणजे सेकंदाला 150 वेळा पाण्याला दाबाचा ठोका. पाइपिंगमधल्या पाण्याच्या स्तंभाची ध्वनिकंप्रता त्याच्या जवळ होती, आणि काही नळ्यांत तो ठोका फुगून बंडलपर्यंत पोचला. उपाय काय, तर इंपेलर बदलून सात पात्यांचे बसवले. ठोका 210 हर्ट्झवर गेला आणि प्रश्न मिटला. इंधनाचे लोक आणि पंपाचे लोक एका टेबलावर बसले नाहीत तर काय होतं, हे सांगायला मी हेच उदाहरण देतो.

बाकीच्या प्रकारांबद्दल थोडक्यात. कुडनकुलमच्या रशियन व्हीव्हीईआरमध्ये षटकोनी असेंब्लीत तीनशेहून जास्त रॉड असतात. त्यांचं खालचं टोक आधाराच्या जाळीत अडकवलेलं, वरचं टोक वाढायला मोकळं. कल्पक्कमच्या फास्ट ब्रीडरमध्ये 217 बारीक पिना एका षटकोनी पोलादी डब्यात बसवतात आणि प्रत्येक पिनेवर सर्पिल तार गुंडाळलेली असते. तिथे पाण्याऐवजी द्रव सोडियम वाहतो, म्हणजे झिजेचे नियमही वेगळे.

राहिलं तुमच्या वर्कशॉपचं काम. व्यापारी भट्ट्यांचं इंधन मुख्यतः हैदराबादच्या न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्समध्ये बनतं. ते काम बाहेर येत नाही. पण पुणे जिल्ह्यातल्या वालचंदनगरला भट्ट्यांची अवजड पात्रं बनलेली आहेत. इंधनाच्या आसपासही फिक्श्चर, गेज, चाचणीचे लूप, ग्रिडच्या पट्ट्यांचे प्रोग्रेसिव्ह डाय अशी टूलरूमची कामं भरपूर असतात. भोसरी-चाकणच्या टूलरूमना मायक्रॉनची अचूकता नवी नाही. अडेल ते दुसरीकडे. प्रत्येक तुकड्याचा हीट नंबर (धातूच्या वितळणीचा क्रमांक) शेवटपर्यंत मागे शोधता आला पाहिजे. झर्कोनियमला कार्बन स्टीलची धूळ चालत नाही, म्हणून हत्यारं, बेंच, ब्रश, ग्राइंडिंगची खोली सगळं वेगळं लागतं. आणि त्याचा बारीक कीस पेट घेतो, पाणी मारून तो विझत नाही, उलट भडकतो. पहिली एन्क्वायरी घ्यायच्या आधी तो कीस कुठे साठवणार आणि आग लागली तर कशानं विझवणार, याचं उत्तर लिहून ठेवा. ऑडिटला आलेला माणूस मशीन बघायच्या आधी तेच विचारील.